पोट साफ झाले म्हणजे डोके ताळ्यावर येते का?

काही दिवसांपूर्वी एक मावशी आपल्या तरुण मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलाला स्किझोफ्रेनिया आहे. कानात आवाज येणे, कुणीतरी पाळत ठेवते आहे असे वाटणे, हा त्रास गोळ्यांनी आटोक्यात होता. परंतु ‘सगळे रोग पोटातून होतात’ असे कुणीसे सांगितले आणि महिनाभर गोळ्या बंद, रोज रात्री एरंडेल! पोट साफ झाले. आवाज मात्र परत आले.

या समजुतीत काही तथ्य आहे का? थोडे आहे. आतड्याला स्वतःचे मज्जातंतूंचे जाळे असते व ते मेंदूशी सतत संपर्क ठेवते. १९६६ साली अमेरिकेतील डॉ. डोहान यांनी दाखवले, की दुसऱ्या महायुद्धात जेथे गव्हाचा वापर घटला, तेथे या आजाराने रुग्णालयात दाखल होणाऱ्या स्त्रियाही कमी झाल्या. अलीकडे रुग्णांच्या आतड्यातील जिवाणूंमध्येही फरक आढळले आहेत. परंतु हे आजाराचे कारण की परिणाम, हे ठरलेले नाही. बदललेला आहार, धूम्रपान व औषधे यांनीही जिवाणू बदलतात. म्हणून जुलाब किंवा पथ्य हा गोळ्यांना पर्याय नव्हे.

पोटाकडे लक्ष द्यायचे ते दुसऱ्याच कारणासाठी. या आजारावरील अनेक औषधांनी बद्धकोष्ठ होते. ‘क्लोझापिन’ने तर आतड्याची हालचाल इतकी मंदावू शकते, की प्रसंगी जिवावर बेतते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली याबाबतचा इशारा अधिक कडक केला.

रुग्ण बहुधा आपणहून तक्रार करीत नाही. तेव्हा घरच्यांनीच रोज विचारावे. पाणी, पालेभाज्या आणि चालणे यांकडे लक्ष द्यावे. नेहमीपेक्षा शौचास कमी होऊ लागले, तर डॉक्टरांना सांगावे. क्लोझापिन चालू असताना इसबगोलही मनाने देऊ नये. पोट फुगले, जोराने दुखू लागले किंवा उलट्या सुरू झाल्या, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

मावशींना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. निघताना त्यांना एवढेच सांगितले, “पोटाची काळजी जरूर घ्या, पण गोळी विचारल्याशिवाय बंद करू नका.”