एका रुग्णास दोन चष्मे का?

मावळातील कातकरी व ठाकर बांधवांचे पूर्वज शिकारीत निष्णात होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी आली. परंतु मध काढणे, मासे-खेकडे धरणे, राजमाची-लोहगडाच्या वाटा दाखविणे ही कामेही तीक्ष्ण नजरेचीच आहेत.

चाळिशीनंतर डोळ्यातील भिंग ताठर होऊन जवळचे अंधुक दिसू लागते. दूरचेही अस्पष्ट असल्यास सहसा दुहेरी भिंगाचा चष्मा दिला जातो. मात्र त्याच्या खालच्या भागातून पायाखालची वाट धूसर दिसते व उतारावर तोल जाण्याचा धोका वाढतो. म्हणून डोंगरात वावरणाऱ्या रुग्णांस आम्ही चालण्यासाठी दूरचा व बारीक कामासाठी जवळचा, असे दोन स्वतंत्र चष्मे सुचवितो.

मोतीबिंदू चष्म्याने वा औषधाच्या थेंबांनी जात नाही. शस्त्रक्रिया करून कृत्रिम भिंग बसवावे लागते. त्यानंतरही जवळच्या कामासाठी बहुधा चष्मा लागतो, हे कुटुंबीयांनी ध्यानात ठेवावे.

हिशेबात दुसऱ्या चष्म्याचा खर्च जादा वाटेल; पण दरीकाठी चुकलेले एक पाऊल संपूर्ण कुटुंबास महाग पडते. देणगीदारांनी या खर्चाकडे त्या दृष्टीने पाहावे, ही नम्र विनंती.