गच्चीवरचा गुरू

ईदची चंद्रकोर पाहायला आमच्या घरची लहानथोर मंडळी गच्चीवर जमतात. अशाच एका ईदला मी नवी दुर्बीण लावली. खोक्यावर ‘४५० पट’ असं ठळक छापलेलं. पण तिचे पाय असे डगमगत की कोर नजरेत यायची आणि निसटायची. अम्मी म्हणाली, ‘‘बेटा, पैसे पाण्यात गेले.’’

चूक माझीच होती. दुर्बीण घेताना पटीचा आकडा पाहायचा नसतो. पाहायचा तो भिंगाचा किंवा आरशाचा व्यास. व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या साधारण दुप्पट पट उपयोगाची. माझं भिंग ६० मिलिमीटरचं, म्हणजे १२० पट झाली की पुढे चित्र फक्त मोठं आणि धूसर होणार. दुसरी गोष्ट, भक्कम स्टँड.

पुढे १५० मिलिमीटर आरशाची दुर्बीण घेतली आणि ग्रहांच्या फोटोंचा नाद लागला. गुरू पृथ्वीजवळ असतानाही चंद्राच्या जेमतेम चाळिसाव्या भागाएवढा दिसतो. त्यात तापल्या डांबरी रस्त्यावरचं दृश्य थरथरतं, तसा हवेमुळे तोही थरथरतो. म्हणून एका फोटोनं भागत नाही. डोळा लावायच्या जागी छोटा कॅमेरा बसवून दोनेक मिनिटांचा व्हिडिओ घ्यायचा. जास्त नको; गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, त्याच्या पट्ट्यांतले बारकावे पुसट होतात. व्हिडिओतल्या हजारो चित्रांतून ‘ऑटोस्टाकर्ट’सारखं मोफत सॉफ्टवेअर स्थिर तेवढी निवडून एकावर एक रचतं. कविता लिहिणाऱ्याला हे ओळखीचं आहे. पानभर खोडायचं, चार ओळी ठेवायच्या.

साक्री सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर. इथून ग्रह युरोपपेक्षा उंच चढतात, त्यांचा प्रकाश हवेच्या कमी थरातून येतो. ज्या उन्हाच्या भरवशावर २०१३ मध्ये शिवाजीनगरचा सौर प्रकल्प उभा राहिला, तेच ऊन मात्र गच्चीचा स्लॅब तापवतं. म्हणून रात्र चढू द्यावी आणि दुर्बीण तासभर आधी उघड्यावर ठेवावी. ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या फिरवणारा वारा असला, तर भिंतीचा आडोसा घ्यावा. आणि सूर्याकडे दुर्बीण कधीही वळवू नये. डोळा कायमचा जाऊ शकतो.

परवा अम्मीला दुर्बिणीतून गुरू दाखवला. गॅलिलिओनं १६१० मध्ये पाहिलेले चारही उपग्रह त्याच्या शेजारी ओळीनं दिसत होते. ती बराच वेळ डोळा लावून बसली. मग म्हणाली, ‘‘इसको तो सचमुच चार चांद लगे हैं!’’