न परतलेली होडी

घरात माणूस वारला म्हणजे आप्तेष्ट जमतात, क्रियाकर्म होते आणि शोकाला वाट मिळते. समुद्रात नाहीशा झालेल्या कोळ्याच्या घरी यांतले काहीच धडपणे घडत नाही. २०१७ च्या नोव्हेंबरअखेरीस उठलेल्या ‘ओखी’ वादळातून केरळ आणि कन्याकुमारीच्या किनाऱ्यावरील कित्येक मच्छीमार परतलेच नाहीत. अशा माणसाची पत्नी ना सौभाग्यवती, ना विधवा. सात वर्षे वार्ता न लागल्यास माणूस मृत मानावा, असे कायदा सांगतो. पण मनाने आशा कोणत्या मुदतीला सोडावी? झोप उडते, अन्न गोड लागत नाही, होडीची चाहूल लागली की पाय बंदराकडे वळतात. हे मनाचे दुबळेपण नव्हे, की बाहेरची बाधा नव्हे. ही अडून राहिलेल्या शोकाची व्यथा होय, आणि तिच्यावर उपाय आहे.

२००४ च्या त्सुनामीनंतर बंगळूरच्या ‘निमहान्स’ संस्थेने गावोगावच्या साध्या कार्यकर्त्यांना दुःखिताचे ऐकून कसे घ्यावे, याचे शिक्षण दिले. २०१७ च्या कायद्याने मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरला, आणि २०२२ पासून ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो. तथापि रोजची मिळकत बुडवून दूरच्या इस्पितळात कोण जाणार? म्हणून मदतीनेच बंदरावर यावयास हवे. तिचा आरंभ मात्र शेजारच्या ओटीवरही होऊ शकतो: घाई न करता, उपदेश न करता, कोणीतरी ऐकत बसले म्हणजे.