लष्करानें विकलेला ट्रक घरीं आणण्यापूर्वीं

लष्कराच्या लिलावांतील जुने ट्रक शेतीच्या ओझ्यास मजबूत पडतात, अशी समजूत आपल्या शेतकरी बंधूंत आहे. ती अगदींच खोटी नव्हे. तथापि इंजिन सुरू झालें म्हणजे गाडी रस्त्यास लायक झाली, ही समजूत मात्र घातक आहे. तिजविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

ह्या गाड्यांत ‘शक्तिमान’ आपल्याकडे विशेष परिचयाची. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यानें ती जबलपुरास १९५९ पासून तयार होऊं लागली. १९९६ मध्यें तिचें उत्पादन बंद झालें. सहा सिलिंडरांचें डिझेल इंजिन व चारही चाकांस जोर असल्यानें ती चिखलांतून निघते. परंतु तिचे सुटे भाग आतां शोधीत फिरावें लागतें, हें किंमत ठरवितांना ध्यानांत असावें.

सन २०११ मध्यें आम्हीं चौघां शेजाऱ्यांनीं वर्गणी काढून अशी एक गाडी पुण्याजवळ एका व्यापाऱ्याकडून घेतली. लिलावानंतर चार पावसाळे ती उघड्यावर पडून होती. सातबारा पाहिल्यावाचून शहाणा मनुष्य जमीन घेत नाहीं. तोच नियम येथें लावावा. लष्करी बाणाचा क्रमांक विक्रीनंतर चालत नाहीं. मुलकी नोंदणीस केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणें नमुना २१ मधील मूळ विक्री-दाखला लागतो. त्यावरील इंजिन व चासीचे क्रमांक गाडीशीं ताडून पाहिल्यावरच आम्हीं इसार दिला, आणि नोंदणी व विमा होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढली नाहीं. गाडी चालविण्यासाठीं विकली आहे कीं मोडीसाठीं, हेंही लिलावाच्या अटींत वाचून घ्यावें.

इंजिनास हात लावतांना उतावीळ करूं नये. आम्हीं जुनें तेल काढविलें, टाकींतील गाळ व पाणी काढून ती धुतली, फिल्टर बदलले. इंजेक्टर उतरवून प्रत्येक सिलिंडरांत थोडें तेल सोडलें, एक रात्र मुरूं दिलें आणि सकाळीं इंजिन हातानें फिरवून पाहिलें. नळ्यांतील हवा काढल्यावर तें सुरू झालें. पडून राहिलेल्या डिझेल पंपाचा दांडा अडकल्यास इंजिन भरमसाट वेग घेतें व आवरत नाहीं. म्हणून हवेच्या तोंडावर दाबण्यास सपाट फळी घेऊन एक मनुष्य उभा ठेवावा. तेलाचा दाब चढला नाहीं तर इंजिन तत्काळ बंद करावें.

इंजिनास दोन दिवस लागले, ब्रेकांस पांच. रबरी नळ्या वरून धड दिसतात, पण आंतून फुगून बंद होतात. त्या सर्व नव्या घातल्या. टायरांची नक्षी शाबूत होती, परंतु बाजूंस चिरा होत्या. टायरच्या अंगावरील चार आंकडे तो कोणत्या आठवड्याचा व वर्षाचा हें सांगतात. ते पाहून टायरही बदलले.

रिकामी गाडी घेऊन, दिवसा, सावकाश निघालों. शिरवळास थांबून चारही चाकांचे मध्य चाचपले, तों मागील उजवें चाक फार तापलेलें. ब्रेक धरून राहिला होता, आणि पुढें खंबाटकीचा घाट. दुपारभर तेथेंच खोळंबून ब्रेक मोकळा केला. मंडळींत कुरकुर झाली. पण चौघांचा पैसा व गाडींतील दोघांचा जीव त्या एका चाकावर होता. घाट ज्या गियरनें चढलों त्याच गियरनें उतरलों. डिझेल वांचविण्यासाठीं उतारावर गाडी न्यूट्रलमध्यें सोडण्याची खोड पुष्कळांस आहे. ती सर्वथा टाकावी.

सारांश, अशी गाडी घेऊं इच्छिणाऱ्यानें लिलावाची रक्कम हीच किंमत समजूं नये. टायर, ब्रेक, नोंदणी व विमा यांचा खर्च आधीं मांडावा, आणि तितकी रक्कम हातीं नसल्यास बैलगाडी किंवा भाड्याचा ट्रॅक्टर यांवरच भागवावें.