काकींची होडी आणि विजेची मोटर

आमच्या बचत गटात कर्ली खाडीच्या काठावर राहणाऱ्या एक काकी आहेत. नवरा गेल्यापासून त्या आणि त्यांची सून, दोघीच होडी घेऊन खाडीत जाळं टाकतात. मागच्या पावसाळ्यानंतर बैठकीत काकी म्हणाल्या, "गो बाय, वल्ही मारून मारून खांदो गेलो माझो. होडी विकून टाकूची काय?" कुणालाच काही बोलता येईना. होडी गेली की त्या घराचं काय होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पेट्रोलच्या इंजिनाचा रोजचा खर्च झेपणारा नव्हता. तेव्हा गटातल्या एकीच्या भाच्याने 'ट्रोलिंग मोटर' सुचवली. बॅटरीवर चालणारी, आवाज न करणारी, होडीच्या मागे अडकवायची छोटी मोटर. अमेरिकेत फार्गो गावाजवळ 1934 साली ती तयार झाली, तळ्यात मासे न बुजवता हळूहळू होडी न्यायला. आम्ही वर्गणी काढली, थोडं कर्ज दिलं आणि मोटर आणली. आणि पहिल्याच दिवशी फजिती!

सून जाळं ओढायला पुढे गेली, तशी होडीची मागची बाजू वर उचलली आणि पंखा हवेतच फिरायला लागला. त्यात ओहोटी लागलेली. होडी देवबागच्या मोबाराच्या दिशेने वाहू लागली. नशीब, वल्ही होडीतच होती. दोघी कशाबशा काठाला लागल्या. आमची चूक एवढीच, की दांडा किती लांब हवा हे आम्ही मोजलंच नव्हतं.

मैत्रिणींनो, त्यातून जे शिकलो ते सांगते.

दांडा मोजताना एकीने होडीच्या पुढच्या टोकाला बसायचं. मग मागच्या फळीच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर घ्यायचं. पंखा त्याच्याही खाली निदान फूटभर बुडाला पाहिजे. उथळ जागी दांडा वर सरकवता येतो, पण मुळात आखूड असलेला लांब करता येत नाही.

मोटरची ताकद पौंडात सांगतात. ढोबळ हिशोब असा, की दर 45 किलो वजनाला 2 पौंड. होडी 120, दोघी मिळून 110, बॅटरी 30, जाळं आणि मासळी 40, म्हणजे 300 किलो. त्याला 13-14 पौंड पुरतात. पण हा हिशोब शांत तळ्याचा! खाडीत वारा आणि पाण्याची ओढ असते. म्हणून आम्ही दुसऱ्यांदा 45 पौंडांची घेतली, आणि खाऱ्या पाण्यासाठी बनवलेलीच.

बॅटरीत मात्र फसू नका. गाडीची बॅटरी क्षणभर जोर देते, तासन् तास नाही. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी तग धरते, पण ती जड, आणि होडी कलली तर आतलं अ‍ॅसिड सांडायची भीती. म्हणून हळूहळू उतरणारी, बंद तोंडाची 100 अँपिअर-तासांची बॅटरी बरी. ती अर्ध्याखाली उतरवली तर लवकर खराब होते. पूर्ण वेगात मोटर चाळीसेक अँपिअर खाते, म्हणजे सव्वा तासाचं काम. हळू चालवली, तर चार-पाच तास निघतात. लिथियमची बॅटरी हलकी आणि जास्त टिकणारी, पण महाग, आणि तिला चार्जरही तिचाच लागतो.

बसवताना मागच्या फळीला आतून जाड लाकडाचा तुकडा लावा, मगच पकडीचे स्क्रू आवळा. ते हादऱ्याने सैल होतात. म्हणून मोटरला एक दोरी बांधून होडीच्या कडीला अडकवा. नाहीतर वर्गणीचे पैसे खाडीच्या तळाशी! मोटर मागे, चालवणारीही मागे, म्हणून बॅटरी पुढच्या बाजूला बांधून ठेवायची. त्यामुळे वायर लांब होते, तेव्हा ती जाडच घ्या. बॅटरीजवळ योग्य अँपिअरचा ब्रेकर हवाच.

घरी आलं की मोटर गोड्या पाण्याने धुवायची. अधूनमधून बॅटरीची वायर काढून पंखा खोलायचा. जाळ्याचा धागा आत गुंडाळून बसतो आणि मोटर जळते. जाळं ओढताना तर मोटर बंदच पाहिजे.

आणि ही मोटर खाडीची, समुद्राची नव्हे. ओहोटीच्या जोराशी ती झगडू शकत नाही. भरती-ओहोटीची वेळ बघूनच निघायचं, वल्ही आणि लाइफ जॅकेट बरोबर ठेवायची. होडीला मोटर लावण्याआधी नोंदणीचं मत्स्यव्यवसाय खात्याच्या स्थानिक कार्यालयात विचारून घ्या.

आता काकी भरतीबरोबर आत जातात आणि ओहोटीबरोबर परततात. पूर्वीही तसंच करायच्या, पण आता खांदा दुखत नाही. परवा कर्जाचा हप्ता द्यायला आल्या. पैसे मोजता मोजता म्हणाल्या, "होडी विकूचा नाव काढू नको आता." आणि पिशवीतून चार काळुंद्रं काढून माझ्या ओट्यावर ठेवली.