दिवा लागला नाही तर?

दसऱ्याला झेंडूचा हार, आणि दिवाळीचा फराळ संपेपर्यंत कव्हर. ओंटारिओतल्या मोटारसायकलचं वर्ष असं आपल्या सणांवर बेतल्यासारखं संपतं. मग मार्चपर्यंत घरातली मुलं-मुली फोनवर सेकंडहँड गाड्यांच्या जाहिराती चाळत बसतात. नवी गाडी आणि तिचा विमा विशीतल्या खिशाला झेपत नाही, म्हणून नजर जाते ती त्यांच्या जन्माआधीच्या होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकीवर. गाड्या दणकट आहेत, घ्यायला हरकत नाही. पण त्यांच्या मीटरवरचे चार-पाच दिवे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे घरातल्या दोन्ही पिढ्यांना सहसा ठाऊक नसतं. कारणं मात्र दोघांची वेगळी आहेत.

आम्ही आई-बाबा लोक शिकलो ते चेतक, येझदी, राजदूत नाहीतर बुलेटवर. पहिल्या तिन्ही टू-स्ट्रोक. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून घ्यायचं, त्यामुळे ऑइलचा दाब ही भानगडच नव्हती. बुलेटच्या हेडलाइटवर अँपिअर मीटर असायचा. काटा उणे बाजूला झुकला की बॅटरी उतरतेय एवढं कळायचं. न्यूट्रलसाठी दिवा नव्हे, पायाने दाबायचा वेगळा खटका होता. बाकी सगळं कानाने आणि नाकाने. त्यामुळे मुलाने लाल दिव्याबद्दल विचारलं की बाबा म्हणतात, “आमच्या चेतकला कुठे दिवे होते? काही होत नाही.”

मुलांचं शिक्षण झालं कारवर. पिवळा ‘चेक इंजिन’ महिनोन्महिने लागलेला असला तरी व्हॅन कॉस्टकोला जाऊन येते, हे त्यांनी घरातच पाहिलंय. आणि एकही दिवा लागला नसेल, तर सगळं ठीक आहे असंच त्यांना वाटतं. जुन्या मोटारसायकलवर या दोन्ही समजुती घातक आहेत.

निळा दिवा म्हणजे अप्पर, हिरवा न्यूट्रल, पिवळसर किंवा हिरवा लुकलुकणारा इंडिकेटर. यात समजावण्यासारखं फारसं नाही. खरा विषय लाल दिव्याचा. त्यावर अल्लादीनच्या दिव्यासारखं चित्र असतं किंवा नुसतं ‘ऑइल’ लिहिलेलं असतं.

बहुतेक गाड्यांत हा दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही. ऑइलला दाब आहे की नाही, एवढंच सांगतो. चार सिलिंडरच्या बऱ्याच जपानी इंजिनांत क्रँकशाफ्ट गोळ्यांच्या बेअरिंगवर नव्हे, तर गुळगुळीत शेल बेअरिंगवर फिरतो. दोन्हींच्या मध्ये असतो तो ऑइलचा पातळ थर, आणि तो टिकतो पंपाच्या दाबावर. दाब गेला की धातूवर धातू घासतो. हायवेच्या वेगात मग फार वेळ मिळत नाही, आणि इंजिन सीझ झालं तर मागचं चाकही लॉक होऊ शकतं. चारशेच्या रस्त्यांवर, मागे ट्रक असताना याचा अर्थ काय, ते लिहायची गरज नाही. म्हणून चालत्या गाडीवर हा दिवा लागला तर ‘पुढच्या एक्झिटपर्यंत जाऊ’ असा हिशोब करायचा नाही. क्लच दाबायचा, किल स्विचने इंजिन बंद करायचं, उरलेल्या वेगात गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायची आणि टो ट्रक बोलवायचा.

हाच दिवा कधी सिग्नलला मिणमिणतो आणि थ्रॉटल दिला की विझतो. इंजिन तापल्यावर ऑइल पातळ होतं आणि आयडलला पंपही हळू फिरतो. अशा वेळी आधी ऑइलची पातळी बघा, आयडल फार खाली नाही ना तेही बघा. दोन्ही ठीक असूनही मिणमिणत असेल तर मेकॅनिककडून गेज लावून दाब मोजून घ्या. बेअरिंगं झिजलेली असू शकतात. काही जुन्या यामाहांवर मात्र हा दिवा दाबाचा नसून पातळीचा असतो आणि चढावर किंवा जोरात वेग घेताना क्षणभर चमकून जातो. आपल्या गाडीवर कोणता आहे, ते मॅन्युअलमध्येच बघावं लागतं.

पण मला जास्त काळजी वाटते ती न लागणाऱ्या दिव्याची. दाबाच्या दिव्याचं स्विच अगदी साधं असतं. दाब नसताना ते तारेला इंजिनच्या बॉडीचा अर्थ देतं, म्हणून दिवा लागतो. दाब आला की जोड तुटतो आणि दिवा विझतो. आता ती तार गंजून तुटली, गराजमधल्या उंदराने कुरतडली किंवा बल्बच उडाला, तर दिवा कधीच लागणार नाही. मीटर निरोगी दिसेल, आणि दाब खरोखर गेला तरी तसंच दिसत राहील. म्हणून किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी हा लाल दिवा लागायलाच हवा. सुरू झाल्यावर तो विझायला हवा. या दोन्ही गोष्टी दिसल्या तरच त्या दिव्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा.

गेल्या वसंतात आमच्या ओळखीतल्या एका मुलीबरोबर हॅमिल्टनजवळ गाडी बघायला गेलो होतो. ऐंशीच्या दशकातली, चार सिलिंडरची, टाकीवर एक ओरखडा नाही. आम्ही पोचलो तेव्हा इंजिन आधीच सुरू होतं. विक्रेत्याने कौतुकाने मीटर दाखवलं: एकही वॉर्निंग नाही! तिने शांतपणे गाडी बंद केली आणि किल्ली पुन्हा फिरवली. हिरवा लागला, पण लाल नाही. “काका, लाल कुठंय?” स्विचवरची तार काढून इंजिनला टेकवली, तरी दिवा नाही, म्हणजे गडबड तारेत किंवा बल्बमध्ये. विक्रेत्याने स्क्रू काढून मीटरचं मागचं झाकण उघडलं, तर होल्डरमध्ये बल्बच नव्हता. बल्ब कुणी काढला आणि कशासाठी, ते त्यालाही सांगता येईना. त्यानेही ती गाडी तिसऱ्याकडून घेतलेली. कदाचित साधंच कारण असेल. तिने गाडी घेतली नाही. मला तिचा निर्णय पटला.

“सेफ्टी सर्टिफिकेट देतो की!” असं विक्रेते सांगतात. ओंटारिओत ते ३६ दिवस चालतं आणि तपासणीच्या वेळी गाडी ठरलेल्या किमान निकषांत बसली, एवढाच त्याचा अर्थ. इंजिनाची हमी ते देत नाही. तेव्हा गाडी बघायला जाण्याआधीच सांगून ठेवावं की इंजिन थंड ठेवा, आम्ही आल्यावरच सुरू करू.

हिरव्या न्यूट्रलवरही डोळे मिटून विसंबू नये. त्याच्या तारेला कुठे चुकून अर्थ मिळाला तर गाडी गिअरमध्ये असतानाही तो लागतो, म्हणून क्लच नेहमी सावकाश सोडावा. साइड स्टँडचं म्हणाल तर सत्तरच्या दशकातल्या होंडांना दिव्याऐवजी स्टँडच्या टोकाला रबराचा तुकडा असे. स्टँड खाली विसरला तर रबर रस्त्याला लागून स्टँड मागे ढकलला जाई. जुनी गाडी घेताना ते रबर झिजलेलं नाही ना, तेवढं बघावं.

चार्जिंगचा दिवा बऱ्याच जुन्या गाड्यांवर नसतोच, आणि इथे तो हवा होता असं मला नेहमी वाटतं. हेडलाइट सतत चालू, त्यात थंडीसाठी गरम होणारी ग्रिप लावलेली, आणि फेरी जेमतेम टिम हॉर्टन्सपर्यंत. बॅटरी भरायला सवडच मिळत नाही. साध्या मल्टिमीटरने कळतं: विश्रांतीत भरलेली बॅटरी साधारण १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते, इंजिन फिरवल्यावर १३.५ ते १४.५ च्या आसपास. आकडा वाढतच नसेल तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला. तो बॅटरीला उकळवून मारतो.

दोन हजार सालानंतरच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्याही आता जुन्यात मोडतात. त्यांचा पिवळा इंजिनचा दिवा कारसारखाच वाटतो, पण कारचं कोड वाचणारं यंत्र त्या प्लगला सहसा बसत नाही. बऱ्याच होंडांवर साइड स्टँड खाली असताना हाच दिवा लुकलुकून कोड सांगतो: लांब लुकलुक म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. एक लांब आणि दोन छोट्या म्हणजे १२. मॅन्युअलमध्ये त्या आकड्यापुढे बिघडलेल्या भागाचं नाव सापडतं. एबीएसचा दिवा उभ्या गाडीवर लागलेला राहिला तर घाबरू नये. चाकं फिरून थोडा वेग आला की तो विझतो. वेग घेऊनही राहिला तर मात्र ब्रेक साध्या गाडीसारखे आहेत असं धरून चालवावं.

आता गाडी झाकण्याआधी ऑइल बदला, बॅटरी चार्जरला लावा आणि किल्ली फिरवून कोणते दिवे लागतात ते कागदावर लिहून टाकीला चिकटवा. एप्रिलमध्ये ती यादी पडताळा. पहिल्यांदा सुरू केल्यावर लाल दिवा विझायला क्षणभर जास्त लागेल. पाच सेकंदांत विझला नाही तर इंजिन बंद करा. एखादा बल्ब गेला असेल तर तो दोन-चार डॉलरचा असतो, वेळ जातो तो मीटर खोलण्यात, आणि हिवाळ्यात वेळ भरपूर असतो. त्या जागी एलईडी बसवणार असाल तर मीटर बंद करण्याआधी लागतो का बघा. उलटा बसला तर तोही लागत नाही.