चौदाशे किलोमीटर जास्त, दोन तास कमी

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को अंतर किती? पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजलं, तर साधारण १२,४०० किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशाची सवय असलेल्यांना वाटेल तसा हा दोरा पूर्वेला जात नाही आणि पश्चिमेलाही नाही. दिल्लीतून तो जवळजवळ थेट उत्तरेला निघतो, हिमालय आणि तिबेटच्या पठाराचा पश्चिम भाग ओलांडतो, ७५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो आणि मग कॅलिफोर्नियाकडे उतरतो.

विमान मात्र तसं जात नाही. केबिनमधला हवेचा दाब गेला, तर डोक्यावरून ऑक्सिजनचे मास्क खाली येतात. पण बहुतेक विमानांत त्यांचा पुरवठा जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचा. तेवढ्या वेळात तीन हजार मीटरच्या आसपास खाली यावं लागतं. तिबेटचं पठारच सरासरी साडेचार हजार मीटर उंच! उतरणार कुठे?

म्हणून वळसा घेणं आलं. एअर इंडियाचं विमान आधी युरोप आणि अटलांटिकवरून जायचं. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची. १६ ऑक्टोबर २०१६ रोजी तेच बोइंग ७७७ पूर्वेला वळवून पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून १५,३०० किलोमीटर झालं आणि प्रवास आटोपला साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर. हे विमान तासाला साधारण ९,६०० लिटर इंधन पितं. दोन तास वाचणं किती मोलाचं, हे त्यावरूनच कळावं.

ही किमया वाऱ्याची. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान झोत वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर वेग ही तिथली नेहमीची गोष्ट. आता हिशेब मांडून पाहा. ७७७ आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत ताशी सुमारे ९०० किलोमीटरने उडतं. साडेचौदा तासांत त्याने हवा कापली ती फक्त १३,००० किलोमीटर. उरलेले दोन हजारांहून जास्त किलोमीटर वाऱ्याने वाहून नेले! अटलांटिकची वाट जमिनीवर मोजली तर आखूड, पण साडेसोळा तासांच्या हिशेबाने तिथे जवळपास १४,८०० किलोमीटर हवा कापावी लागते. विमानाच्या दृष्टीने पॅसिफिकचीच वाट जवळची. विमानतळांमधलं अंतर सांगताना हे दुसरं अंतर कुणीच सांगत नाही. खरं तर तिकडे नातवंडांना भेटायला निघालेल्या आजी-आजोबांचे पाय किती तास अवघडणार, हे त्याच्यावरच ठरतं.

त्या दिवशीच्या प्रवाशांना तारखेनेही चकवलं. १६ तारखेच्या पहाटे चारला दिल्ली सुटली, वाटेत दिवस उजाडला, पॅसिफिकवर संध्याकाळ झाली आणि वाररेषा ओलांडताच कॅलेंडर १५ वर गेलं. उतरले तेव्हा पुन्हा १६ तारखेचीच पहाट!

त्याच वाटेने उलटं यायचं म्हटलं, तर? तोच वारा तोंडावर घेतला की जमिनीवरचा वेग ७५० पर्यंत घसरतो. वीस तासांहून अधिक उड्डाण, म्हणजे सुमारे १८,००० किलोमीटर हवा. या विमानाचा जास्तीत जास्त पल्ला साधारण १५,८०० किलोमीटर. टाकी दिल्ली गाठण्याआधीच रिकामी होईल.